एल्डन रिंग: मार्गिट हरत नव्हता, असा हरवला

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधला तगडा शत्रू मार्गिट काठी उगारतो, थांबतो. आपण घाईत रोल मारतो (लोळून चुकवतो), उठताना फटका. खानापुरात लाईट जायच्या आत रोज पाच-सहादा मरत होतो, आई वायर उपटायला टपलेली.

लेव्हल वाढवली, ढाल बदलली. फुकट.

शेवटी गेममधल्या मर्कवॉटर गुहेत गेलो. तिथल्या पॅचेस नावाच्या पात्राला झोडा, पण शरण आला की लगेच हात आवरा. तोच लबाड नंतर दुकान मांडतो. त्याच्याकडून ५००० रून्सला (गेममधलं चलन) मार्गिटची बेडी घ्या, क्विक स्लॉटला (झटपट वापरायच्या वस्तूंच्या जागी) लावा. लढाईच्या पहिल्या टप्प्यात दोनदाच चालते. मार्गिट जमिनीला जखडला की तुटून पडा. सोनेरी हातोडा काढल्यावर बेडी विसरा. रोल मात्र काठी उगारताना नाही, हात खाली येताना मारायचा.