असिंक आय/ओ बंद करताना बफर कधी फ्री करायचा

लिनक्सच्या आयओ-युरिंगमध्ये (असिंक आय/ओ, म्हणजे वाचन-लेखनाचं काम सोपवून न थांबता पुढे जायची सोय) रीड सबमिट केली, की कंप्लिशन (काम संपल्याची नोंद) येईपर्यंत तिचा बफर (डेटा ठेवायची मेमरी) कर्नलच्या ताब्यात असतो. टाइमआउट झाला म्हणून बफर फ्री करून सॉकेट क्लोज केलं, तरी रीड थांबत नाही, कारण कर्नलने त्या फाइलचा स्वतःचा रेफरन्स धरलेला असतो. नंतर डेटा आला की तो त्याच पत्त्यावर लिहिला जातो. तोवर ती मेमरी दुसऱ्याच स्ट्रक्चरला मिळालेली असेल, तर क्रॅश भलतीकडेच दिसतो आणि शोधण्यात दिवस जातात.

म्हणून प्रत्येक कनेक्शनला एक काउंटर ठेवा. सबमिट केलं की एक वाढवा, कंप्लिशन आली की एक कमी करा. मल्टिशॉट रिक्वेस्ट (एका सबमिशनला अनेक कंप्लिशन देणारी) असेल तर ‘मोअर’ (अजून येणार आहेत) फ्लॅग नसलेली कंप्लिशन आल्यावरच कमी करा.

बंद करायची वेळ आली की आधी ‘क्लोजिंग’ फ्लॅग लावून नवं सबमिशन थांबवा. मग कॅन्सल पाठवा. कॅन्सलचीही कंप्लिशन येते, तिला वेगळा युजर-डेटा (रिक्वेस्ट ओळखायची खूण) द्या आणि तीही मोजा. तिचं उत्तर ० म्हणजे रिक्वेस्ट सापडली, −२ म्हणजे सापडली नाही (बहुधा आधीच पूर्ण झाली), −११४ म्हणजे काम सुरू झालंय, थांबेलच असं नाही. यातल्या कुठल्याच उत्तरावर बफर फ्री करू नका. काउंटर शून्य झाला की मगच क्लोज आणि फ्री.

इथे एक गळती हमखास राहते. मूळ रिक्वेस्ट दरवेळी −१२५ (रद्द झाली) घेऊनच परत येते असं नाही, कधी ती कॅन्सलच्या आधीच यशस्वी झालेली असते. ती अ‍ॅक्सेप्ट किंवा ओपन असेल, तर निकालात नवा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा किंवा सॉकेटचा नंबर) असतो. तो तपासून क्लोज केला नाही, तर डिस्क्रिप्टर साचत जातात.

लिनक्सवर क्लोजने ‘ईइंटर’ (सिग्नलमुळे व्यत्यय आल्याचा एरर) दिला तरी पुन्हा क्लोज करू नका. डिस्क्रिप्टरचा नंबर आधीच मोकळा झालेला असतो आणि एव्हाना तो दुसऱ्या थ्रेडच्या फाइलला मिळालेला असू शकतो.

विंडोजवरही नियम तोच: कॅन्सल-आयओ-ईएक्स (रद्द करायचं फंक्शन) परतलं तरी कंप्लिशन येईपर्यंत ओव्हरलॅप्ड स्ट्रक्चर (त्या कामाची माहिती ठेवणारं) आणि बफर जिवंत ठेवा. रद्द झालेल्या कामाचा एरर ९९५ असतो.

रस्ट भाषेच्या ड्रॉपमध्ये (व्हॅल्यू नष्ट होताना चालणारा कोड) अवेट करता, म्हणजे कंप्लिशनची असिंक वाट पाहता येत नाही, त्यामुळे बफरची मालकी फ्यूचरकडे (अपूर्ण असिंक कामाची व्हॅल्यू, ती मध्येच ड्रॉप होऊ शकते) न ठेवता रनटाइमच्या स्लॅबकडे (चालू कामांच्या नोंदींचा साठा) द्या. ठरलेल्या वेळेत कंप्लिशन आलीच नाही, तर लॉग करा आणि तो बफर फ्री न करता तसाच सोडून द्या. काही केबी वाया गेलेले परवडतात.