कोकणात रॉटवायलरचं पिल्लू आणताय? पहिल्या वर्षात या चुका टाळा

कोकणात रॉटवायलर जातीचा कुत्रा आणणारे बहुतेक जण तो राखणीसाठी आणतात. कुणाची हापूसची बाग असते, कुणाचं बिऱ्हाड मुंबईत आणि गावचं घर अकरा महिने बंद, तर कुणाला नुसतीच हौस. पहिल्या वर्षातल्या बऱ्याचशा चुका या ‘राखणीसाठी’मधूनच उगवतात.

राखण करायला या जातीला शिकवावं लागत नाही. जर्मनीतल्या रॉटवाइल गावाच्या खाटकांची ही कुत्री. गुरं हाकायची, गाडी ओढायची, मालकाच्या मालावर नजर ठेवायची. दीड-दोन वर्षांचा झाला की बेड्याशी, म्हणजे आवाराच्या दाराशी, परका माणूस दिसताच तो आपणहून उठून उभा राहतो. शिकवावं लागतं ते नेमकं उलटं: माणूस आला तरी गप्प बसायचं, मालक ‘असू दे’ म्हणाला की बाजूला व्हायचं. पूर्ण वाढलेला नर साधारण 50 किलोचा, मादी 42 किलोची. हे शिकवणं राहून गेलं तर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीही असो, तो फरफटत जाणार.

पिल्लू मे महिन्यात आणणं

ही चूक फारशी कुणी चूक समजतच नाही. मुलांना सुट्टी असते, घरात माणसं असतात, म्हणून मेच्या अखेरीस पिल्लू येतं. आठ-दहा दिवसांत पाऊस धरतो.

पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय असं असतं की त्या काळात जे दिसेल, ऐकू येईल, ते त्याच्या लेखी ‘जगात असतंच’ या खात्यात जमा होतं. त्यानंतर नवी गोष्ट दिसली की आधी संशय येतो. कोकणात मेमध्ये आणलेल्या पिल्लाचे नेमके हे आठवडे पडवीत पाऊस बघण्यात जातात. बाहेर चिखल, माणसांची ये-जा नाही, सगळं जग घरातल्या चार माणसांपुरतं. मग ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती येतात. एका रात्रीत घरात पंधरा-वीस चाकरमानी, पोरांची पळापळ, आरती, टाळ-झांजा, फटाके. कुत्रा तेव्हा पाच महिन्यांचा, अंगाने दांडगा आणि मनाने पार भेदरलेला. तो कुणावर तरी धावून जातो. घरचे म्हणतात, ‘बघा, कडक आहे!’ खरं तर तो घाबरलेला असतो.

म्हणून दिवाळीचे फटाके वाजून संपले की पिल्लू आणा. हवा कोरडी, रस्ते मोकळे, आणि पुढचे सहा महिने तुमच्या हातात. शिमग्यात पालखी दारात येईल तेव्हा तो पाच-सहा महिन्यांचा असेल. ढोल आधी लांबून ऐकवा आणि पालखी खळ्यात (अंगणात) येण्याआधी त्याला मागच्या खोलीत ठेवा. पहिल्याच वर्षी पालखीपुढे नेऊन ‘धीट करायचं’ हा हट्ट नको.

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका. 2017 च्या केंद्राच्या नियमांनी तशी विक्री बेकायदा आहे, आणि आई-भावंडांत राहून चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू याच दिवसांत शिकतं. शक्य असेल तर आईला प्रत्यक्ष पाहा. ती परक्या माणसासमोर कशी वागते यावरून जे कळतं ते कागदपत्रांतून कळत नाही.

‘लशी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचं नाही’ असं डॉक्टर सांगतात, त्याचा अर्थ कोंडून ठेवायचं असा नाही. पार्वो हा आजार या जातीला इतर जातींपेक्षा जड जातो, त्यामुळे गावातली कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडायचं नाही, एवढंच. मांडीवर घेऊन रिक्षात बसा. एसटी स्टँडवर, बाजारात, जेटीजवळ दहा मिनिटं थांबा. डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, कोयता घेऊन नारळ पाडायला येणारा माणूस, हेल्मेटवाला, छत्री, मीटर बघायला येणारा, शाळेतून सुटलेली मुलं, गुरं, कोंबड्या हे सगळं त्याने लांबून, निवांत, तोंडात काहीतरी चघळत पाहावं. प्रत्येकाने त्याला हात लावलाच पाहिजे असं नाही. उलट नकोच.

साखळीला बांधलं की कडक होतो, हा समज

‘कुत्रो कडक व्हयो तर बांधूनच ठेव,’ असं गावात कुणी ना कुणी सांगणारच. त्याच्या जोडीला ‘कुणाला हात लावू देऊ नको, माणसाळेल.’ या दोन सल्ल्यांनी जितकी रॉटवायलर बिघडली असतील तितकी दुसऱ्या कशाने बिघडली नसतील, असं माझं मत आहे.

बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. भीती वाटली तर त्याच्याकडे एकच मार्ग उरतो: अंगावर जाणं. चार वेळा अंगावर गेल्यावर माणूस मागे हटतो, आणि ही युक्ती चालते हे तो पक्कं लक्षात ठेवतो. एक दिवस साखळीचा आकडा निघतो आणि समोर शेजाऱ्याचं पोर असतं. शिवाय बिबट्या. रानालगतच्या वाड्यांत बांधलेलं कुत्रं उचलून नेल्याच्या गोष्टी नव्या नाहीत. वाढतं पिल्लू रॉटवायलर आहे म्हणून बिबट्या त्याला सोडणार नाही. रात्री कुत्रा घरात किंवा जाळी लावलेल्या पडवीत हवा.

दिवसा मोकळा ठेवायचा तर कुंपण नीट हवं. कोकणातला गडगा कंबरेएवढा असतो. आठ महिन्यांचा रॉटवायलर तो सहज ओलांडतो. गडग्यावर जाळी चढवून उंची पाच-सहा फूट करा आणि बेड्याच्या जागी कडी लागणारं फाटक बसवा.

बंद घर आणि पगारी गडी या जोडीसाठी मात्र ही जात नाहीच. मालक महिन्यातून एकदा येणार, गडी दोन वेळा भात टाकणार आणि कुत्रा राखण करणार, हे गणित जमत नाही. रॉटवायलर माणसाच्या पायात घुटमळणारा कुत्रा आहे. गडी त्याला घाबरत असेल तर सहा महिन्यांत घराचा मालक कुत्राच होतो, आणि तुम्ही दिवाळीला गेलात की तुम्हालाच आत घेत नाही. अशा घराला चांगलं कुलूप आणि कॅमेरा पुरतो.

पाखाडी, गुळगुळीत लाद्या आणि कॅल्शियमची बाटली

सहाव्या महिन्यात तीस किलोच्या आसपास गेलेलं पिल्लू मोठं दिसतं, पण हाडांची टोकं दीड वर्षापर्यंत कच्चीच असतात. खुबा आणि कोपराच्या सांध्याचे आजार या जातीत वंशानेच येतात. वजन आणि ताण त्यात भर घालतात.

घर पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, असेल तर रोज शंभर-दीडशे पायऱ्या उतरणं-चढणं वर्षभर तरी टाळा. लहान असताना उचला, मोठा झाल्यावर गाडीने लांबच्या वाटेने न्या. दुचाकीमागे पळवणं, चेंडूसाठी उड्या मारायला लावणं हेही नको. नव्या बंगल्यांतल्या चकचकीत लाद्यांवर पिल्लाचे पाय चारी दिशांना जातात. तिथे जुनी चटई, गोणपाट काहीही टाका. शेणाने सारवलेली जमीन या बाबतीत उत्तम. हळूहळू चालणं, किनाऱ्यावरच्या ओल्या घट्ट वाळूत हुंदडणं चालेल, कोरड्या भुसभुशीत वाळूत जोरात पळवणं नाही.

‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजणं ही सर्रास होणारी चूक. मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम नीट अडवू शकत नाही आणि हाडांची वाढ उलट बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरून काही लागत नाही. घरचं देत असाल तर भात कमी, अंडी-चिकन-मासे जास्त, आणि प्रमाण एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिखट-मिठाचं कालवण भातावर ओतून देऊ नका. पिल्लू गुबगुबीत दिसलं की लोक कौतुक करतात. तुम्ही मात्र फासळ्यांवरून हात फिरवा: फासळ्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात.

पावसाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रॉटवायलरच्या केसांना आत दाट लव असते, ती लवकर सुकत नाही. भिजून आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांच्या आतली बाजू जुन्या टॉवेलने कोरडी करा. आंबूस वास, सारखं चाटणं, एखादी ओली लाल जागा दिसली तर बुरशी किंवा जखमेची सुरुवात समजा.

गोचिडीची गोष्ट वेगळी. दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापामुळे माणसंही तिला ओळखून आहेत. कुत्र्याला गोचिडीतून येणारा ताप रक्त पातळ करतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी गडद होते. पिल्लू जेवायचं थांबलं आणि अंग गरम लागलं तर पॅरासिटामॉल न देता रक्त तपासायला न्या. गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने पाण्यात घालून कुत्र्याला चोळणं ही घातक काटकसर आहे. पिल्लू ते चाटतं. महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी घ्या. ती वजनावर ठरते, आणि या पिल्लाचं वजन महिन्यात चार-पाच किलोने वाढतं. मागच्या वेळची पट्टी दाखवून तीच गोळी आणली तर ती अपुरी पडेल. दर वेळी वजन करा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) इथल्या कुणाला समजावून सांगायला नको. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं साचलेलं पाणी कुत्रा पितो, त्यात लोळतो आणि पुढे माणसालाही लागण देऊ शकतो. दरवर्षीची लस घेताना तिच्यात लेप्टो आहे ना, हे विचारा. पावसाच्या आधी ती झालेली बरी.

अंगणात पडलेलं सगळं

हे तुमच्या परसातच सापडतं. आंब्याचा बाठा गिळला तर आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन करावं लागतं. मे महिन्यात बाठे केराच्या उघड्या टोपलीत नकोत. फणसाच्या आठळ्यांचंही तेच. भाजायला ठेवलेल्या काजूबियांच्या चिकाने तोंड भाजतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाळूत टाकून दिलेला केंड मासा विषारी असतो, त्यामुळे किनाऱ्यावर पट्टा सोडू नका. कातळावर आणि गडग्याच्या दगडांत फुरसं असतं. नाकाला किंवा पायाला अचानक सूज आली तर आवळून न बांधता, न चालवता उचलून दवाखाना गाठा.

काळा कुत्रा आणि दमट हवा हे वाईट जुळणं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि हवेत आर्द्रता असली की ते जमत नाही. मार्चनंतर फिरणं सकाळी सातच्या आत. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल डगमगते असं दिसलं तर आधी साधं पाणी ओता, पंखा लावा आणि मगच गाडीत घाला.

असं होत असेल तर

चार महिन्यांचं पिल्लू हात-पाय चावतं: दात बदलतायत. ओरडू नका, तोंड दाबू नका. खेळ तिथेच थांबवून उठून जा आणि ओला फडका फ्रीजमध्ये गार करून चघळायला द्या.

ताटलीजवळ गेलं की गुरगुरतो: ताटली हिसकावून ‘मालक कोण’ ते दाखवायला जाऊ नका. जाता-येता लांबूनच ताटलीत चिकनचा तुकडा टाकत राहा. तुम्ही जवळ आलात की काही जात नाही, उलट येतं, हे त्याला कळू द्या. गुरगुरण्याबद्दल कधीच मारू नका. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. पाठीवर पाडून दाबून धरण्याचा जुना प्रकारही याच कारणाने घातक.

एक पाय लंगडतो, आठवड्याने दुसराच: पाच महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत वाढीच्या हाडदुखीत असं होतं. तरी एक्स-रे काढून घ्या, कारण खुब्याचा आजारही लंगडण्यातूनच कळतो.

पोट फुगलं, ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही: जठराला पीळ पडला असू शकतो. काही तासांत ऑपरेशन लागतं. तालुक्याचा दवाखाना बहुतेकदा गुरांसाठी असतो, म्हणून रात्री कुत्र्याचं ऑपरेशन कुठे होतं, रत्नागिरीत, कोल्हापुरात की गोव्यात, हे पिल्लू आणायच्या आधीच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

खच्चीकरणाची घाई करू नका. या जातीत वर्षाच्या आत केलं तर सांध्यांच्या तक्रारी वाढलेल्या दिसतात.

कायद्याचं एवढंच: मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, त्यात रॉटवायलर होता. ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. पण निष्काळजीपणे जनावर सोडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तोंडाला जाळी घालायची सवय पिल्लूपणीच, खाऊ देत देत लावा.

दहाव्या-बाराव्या महिन्यात तो पट्ट्यावर माणसांकडे झेपावू लागला तर गर्दीत नेणं थांबवा. तो माणसाकडे बघूनही शांत राहतो ते अंतर शोधा, मग ते पन्नास पावलं का असेना, आणि तिथून सुरुवात करा. ट्रेनर बोलावणार असाल तर तो घरी येऊन तुम्हालाही शिकवणारा हवा. ‘महिनाभर माझ्याकडे सोडा, तयार करून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा, आणि पहिल्याच दिवशी काटेरी पट्टा बाहेर काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.