टॉर्च घेताना या चुका टाळा: लुमेन नंतर, आधी सेल बघा

कित्येक मराठी घरांत अजूनही टॉर्चला ‘बॅटरी’च म्हणतात. ‘लाइट गेले, बॅटरी आण रे.’ यावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र ते बोलणं बरोबर वाटतं. पुढचा एलईडी आज बऱ्यापैकी कुठेही चांगला मिळतो. उजेड किती पडणार आणि किती वेळ टिकणार, हे मागे बसलेला सेल ठरवतो. खोक्यावर मात्र लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा वीतभर असतो आणि सेलची माहिती भिंगातून वाचावी लागते. हा योगायोग नव्हे.

ओळखीतले लोक टॉर्च घेऊन माझ्याकडे येतात ते नेहमी घेऊन झाल्यावर. ‘बघा ना, उजेड कमी वाटतोय.’ आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण आधी विचारायला धीर लागतो.

लुमेनच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

माझा भाचा एकदा धावतच आला. ‘मामा, एक लाख लुमेन!’ हातात मुठीएवढी, हलकीशी टॉर्च. मी म्हटलं, ‘आधी सेल काढ.’ तो हिरमुसला. त्याला गच्चीवर जाऊन झोत मारायचा होता.

आता हिशेब बघा. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब साधारण १५०० लुमेन देतो. म्हणजे या पठ्ठ्याच्या मुठीत असे पासष्ट-सत्तर बल्ब होते. चांगली टॉर्च एका वॅटमागे साधारण १०० लुमेन बाहेर टाकते. काही थोड्या जास्त, पूर्ण जोरात चालवल्यावर बऱ्याच कमी. या दरानं एक लाख लुमेनला १००० वॅट लागतील. हजार वॅट म्हणजे खोली गरम करणारा हीटर. तो हातात धरून बघा. बरं, एलईडी जगातला सर्वांत उत्तम आहे असं धरू. एलईडी बनवणाऱ्या क्री कंपनीनं २०१४ साली प्रयोगशाळेत एका वॅटला ३०३ लुमेन गाठल्याचं जाहीर केलं होतं. तो दर लावला तरी ३३० वॅट हवेतच.

आणि हे वॅट येणार कुठून? टॉर्चमध्ये होता एकच १८६५० सेल. हे नाव म्हणजे त्याचं माप: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्या कंपन्यांच्या सेलमध्ये सहसा ३५०० एमएएचच्या (मिलिॲम्पिअर-तासांच्या) आसपास क्षमता असते. ३.६ व्होल्टनं गुणलं की १२.६ वॅट-तास. शंभरचा दर लावा: १२६० लुमेन-तास. म्हणजे १२०० लुमेनचा उजेड तासभर, नाहीतर ५०० चा अडीच तास. यापलीकडे त्या सेलमध्ये काही नाहीच. दोन-तीन हजार लुमेनचा भपका काही मिनिटं मिळू शकतो, तोही सेल दणकट असेल तर. एक लाख लुमेन खरोखर काढले असते तर सेल पाऊण मिनिटात रिकामा झाला असता. त्याआधी भाच्याचा हात भाजला असता ते वेगळं.

त्या सेलवर छापलं होतं ९९०० एमएएच. १८६५० सेलवर ४००० च्या वरचा आकडा दिसला की मी पुढचं वाचत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला: २४ ग्रॅम. माझ्याकडचा त्याच मापाचा जुना, भरवशाचा सेल ठेवला: ४७ ग्रॅम. खरा सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमच्या घरात असतो. निम्म्या वजनाचा सेल म्हणजे मोठ्या नळीत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत काहीतरी भरताड. बडा घर पोकळ वासा ही म्हण इतकी शब्दशः मी दुसरीकडे पाहिलेली नाही. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तर ६२० एमएएच निघाले. (असा सेल कापून आत काय आहे ते बघायची हौस कोणी करू नये. लिथियम सेल पेट घेतो, आणि मग बघायला काही उरत नाही.)

उजेडही मोजला. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवायची, फोनचं लक्स (एका जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं ॲप एका ठरलेल्या जागी ठेवायचं आणि परतून येणारा उजेड वाचायचा. मग तिथेच आपल्या माहितीतली टॉर्च लावून तुलना करायची. फोनचा आकडा स्वतःपुरता खोटा असला तरी तुलना बरीच खरी निघते. माझी १००० लुमेनची टॉर्च आणि भाच्याची एक लाखाची. त्याची माझ्या एक तृतीयांश भरली. म्हणजे फार तर साडेतीनशे लुमेन. भाचा म्हणाला, ‘पण झोत तर जबरदस्त दिसतो.’ दिसणारच, सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा केला की कोणतीही टॉर्च पराक्रमी वाटते.

तेव्हा माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. खोक्यावर आधी सेलचा प्रकार शोधायचा. एमएएच भागिले १०००, गुणिले ३.६, गुणिले १००. जे येतं ते लुमेन-तास. मग खोक्यावरचे लुमेन आणि तास यांचा गुणाकार करून शेजारी ठेवायचा. दोन्ही आकडे जवळपास असले तर विचार करायचा. दसपट तफावत असली तर खोकं जागेवर ठेवून द्यायचं. सेलचा प्रकारच लिहिलेला नसेल तर गुणाकाराचेही कष्ट नकोत.

खोकं स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतं तेव्हा मला फार मजा येते. एका टॉर्चवर लिहिलं होतं: २०,००० एमएएच, ५ व्होल्ट १ ॲम्पिअरनं चार्जिंग, ३ तासांत फुल. वीस हजार एमएएच म्हणजे ७० वॅट-तासांच्या वर. पाच वॅटच्या नळानं ती टाकी भरायला चौदा तास किमान, गळती वेगळी. तीन तासांत भरते म्हणजे टाकीच पंधरा वॅट-तासांच्या आतली. लिहिणाऱ्यानं दोन ओळी वेगवेगळ्या दिवशी लिहिल्या असाव्यात.

रनटाइमचा आकडा पूर्ण उजेडाचा समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलणार.

टॉर्चचे आकडे कसे मोजावेत यासाठी २००९ पासून एक अमेरिकी मानक आहे, एएनएसआय एफएल १. चांगल्या कंपन्या ते पाळतात आणि खोक्यावर छोट्या चौकटींत चिन्हांसह आकडे देतात: लुमेन, पल्ला, रनटाइम, पाणी, पडणं. मानक चांगलंच आहे. फक्त त्यात रनटाइम म्हणजे काय ते वाचायला हवं. टॉर्च सुरू केल्यावर तिसाव्या सेकंदाला जो उजेड असतो, तो घटत घटत दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे रनटाइम. दहा टक्के! म्हणजे ‘३००० लुमेन, २ तास ३० मिनिटं’ असं लिहिलं असेल तर शेवटच्या मिनिटाला ३०० लुमेन उरले असले तरी खोकं खोटं बोललं असं कोणी म्हणू शकत नाही.

मी नेमकी अशीच टॉर्च घेऊन एका रात्री डोंगर उतरत होतो. बरोबर पाच जण. ‘उजेडाची काळजी सोडा, अडीच तास तीन हजार लुमेन आहेत,’ असं मीच छाती फुगवून सांगितलेलं, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या टॉर्च आणल्याच नाहीत. सुरू केली, सगळे वाहवा म्हणाले. तिसऱ्या मिनिटाला उजेड झपकन खाली आला. मला वाटलं बिघडली. बंद करून पुन्हा टर्बो, म्हणजे सर्वांत प्रखर मोड. पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा खाली. असं मी अडाण्यासारखं दहा-बारा वेळा केलं. टॉर्च हातात धरवेना इतकी तापली आणि चाळिसाव्या मिनिटाला तिनं मान टाकली. निम्मी उतरण शिल्लक होती. एका मुलीच्या पिशवीत साध्या पेन्सिल सेलवरची टीचभर टॉर्च होती, तिच्या उजेडात एकामागे एक, खांद्यावर हात ठेवून आम्ही खाली आलो. वाटेत माझ्याशी कोणी बोललं नाही.

घरी येऊन माहितीपत्रक उघडलं. त्यात आलेख होता. तीन हजार लुमेन अडीच-तीन मिनिटं, मग उष्णता आवरण्यासाठी आपोआप घट, आणि पुढे दोन तास सहाशेच्या खाली. सगळं छापलेलं होतं. कंपनी खरी होती, वाचणारा उतावळा होता. उतरणीला सहाशे लुमेन भरपूर होतात; मी तिला निमूट चालू दिलं असतं तर सगळे उजेडात घरी पोहोचलो असतो.

त्यामुळे आता मी टर्बोचा आकडा वाचतच नाही. दोन-तीन तास सलग टिकणारा मोड किती लुमेनचा, एवढं बघतो. ती माझ्यासाठी टॉर्चची खरी ताकद. आलेख दिला नसेल आणि फक्त सर्वांत मोठे लुमेन नि सर्वांत मोठे तास शेजारी-शेजारी छापले असतील, तर ते बहुधा दोन वेगळ्या मोडचे असतात. लुमेन टर्बोचे, तास मिणमिणत्या मोडचे. ही चलाखी मला सरळ खोट्यापेक्षा जास्त चीड आणते, कारण पकडली तरी माघार घेत नाही.

पल्ला

‘एक किलोमीटरपर्यंत झोत.’ मानकानुसार पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स उरतो ते अंतर, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे उभा असलेला माणूस आहे की झुडूप, ते ओळखण्याची हमी कोणी दिलेली नाही. मी छापील आकड्याचा तिसरा हिस्सा धरतो. तिथे उजेड नऊपट असतो आणि काहीतरी कळतं.

कँडेला (झोताच्या तीव्रतेचं माप) दिले असतील तर पडताळा सोपा: कँडेलाचं वर्गमूळ, गुणिले दोन, म्हणजे मीटर. १०,००० कँडेला, २०० मीटर. किलोमीटरभर जायचं तर अडीच लाख कँडेला हवेत. पल्ला दुप्पट हवा तर झोत चौपट तीव्र लागतो, हे विसरून लोक ‘दुप्पट लुमेन घेतले की दुप्पट लांब’ असं धरून चालतात. लुमेन आणि पल्ला यांचं तसं थेट नातं नाही. लेझरवर चालणाऱ्या पांढऱ्या झोताच्या टॉर्च चार-पाचशे लुमेनमध्ये किलोमीटरभर मारतात, आणि पायाखालचा खड्डा दाखवत नाहीत.

बाकीच्या, थोडक्यात

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वाचू नका, आकडा वाचा. पाण्यापासून बचावाची प्रत ‘आयपी’नं सांगतात. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. एक्सच्या जागी आकडा असेल तर तो धुळीचा. आकडाच नसेल तर पावसात नेऊ नका. पुढचा भाग सरकवून झूम करायच्या टॉर्चवर पाण्याचा दावा दिसला की मला विशेष शंका येते; प्रत्येक सरकवण्याबरोबर ती पिचकारीसारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर ओलही.

‘मिलिटरी ग्रेड’, ‘टॅक्टिकल’: काहीही अर्थ नाही.

‘टी ६’ हे मॉडेलचं नाव नव्हे. २०१० मध्ये आलेल्या क्रीच्या एका एलईडीच्या उजेडाच्या प्रतवारीतला तो एक कप्पा होता, किमान २८० लुमेनचा. गंमत म्हणजे टॉर्चच्या नळीच्या ॲल्युमिनियमलाही ६०६१-टी ६ म्हणतात, आणि काही विक्रेते एकाचा टी ६ दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतात. ‘पी ७०’, ‘पी ९९’ असे ‘पी’ला चिकटवलेले मोठमोठे आकडे तर लुमेनही सांगत नाहीत आणि वॅटही.

‘एलईडीचं आयुष्य एक लाख तास.’ अकरा वर्षांहून जास्त, रात्रंदिवस. टॉर्चचं बटण त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही जातं, आणि सेल काही शे चार्जिंगनंतर दमतो. बदलता न येणारा सेल आत सीलबंद असेल तर टॉर्चचं आयुष्य तेच.

निळसर पांढरा उजेड जास्त प्रखर वाटतो. तसा असतोच असं नाही. दुप्पट लुमेन डोळ्याला दुप्पट दिसत नाहीत, त्यासाठी साधारण चौपट लागतात. तेव्हा १००० आणि १२०० मध्ये निवड करत तासभर घालवू नका.

एसओएस, स्ट्रोब (भराभर लुकलुकणं), बारा मोड: हवा असलेला मोड सापडेपर्यंत काम उरकलेलं असतं.

दुकानात लावून बघणं

दिव्यांनी झगमगणाऱ्या दुकानात भिंतीवर झोत मारून टॉर्च घेणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलं आहे. परत करायची मुदत असते ती वापरा. पहिल्या रात्री डोळ्यांसमोर पूर्ण चार्ज करा, झोपेत नको. दुसऱ्या रात्री टॉर्च भिंतीकडे तोंड करून ठेवा, फोन एका जागी टेकवा, एक्सपोजर लॉक करा आणि दर पंधरा मिनिटांनी एक फोटो काढा. फोन प्रत्येक वेळी स्वतःहून उजेड सावरून घेत राहिला तर सगळे फोटो सारखेच दिसतील, म्हणून ते लॉक विसरू नका. मधल्या वेळात टॉर्चला हात लावून बघत राहा. धरवत नसेल तर तिथेच थांबवा, सेल काढून ठेवा आणि सकाळी परत करून या.