दूरच्या तारकागुच्छाचं वय कसं काढावं: आधी धातू, मग वय

देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे. जमिनीवरच्या दुर्बिणीतून तिच्यातल्या दाट गुच्छांचे तारे सुटे दिसत नाहीत, म्हणून अख्ख्या गुच्छाच्या एकत्रित प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा, म्हणजे तो प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवायचा; त्यातल्या काळ्या रेषा एकेका मूलद्रव्याच्या असतात. नुसत्या रंगावरून वय सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. गुच्छ लालसर का? म्हातारा आहे, धातू जास्त आहेत की मध्ये धूळ आहे, हे रंगावरून कळत नाही. (हेलियमपेक्षा जड ते सगळं खगोलशास्त्रात धातूच.) म्हाताऱ्या गुच्छात वय तिप्पट झालं काय आणि धातू दुप्पट झाले काय, रंग जवळपास सारखाच बदलतो.

गुच्छाच्या अगदी शेजारचा दीर्घिकेचा प्रकाश वजा करा. ज्या मॉडेलशी (ठराविक वयाच्या आणि धातूंच्या गुच्छाच्या गणिताने काढलेल्या वर्णपटाशी) तुलना करायची, त्यात जेवढा बारीक तपशील आहे तेवढाच उरेल इतका तुमचा वर्णपट धूसर करा. मग मॅग्नेशियमची 5170 अँगस्ट्रॉमजवळची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक; पुढचे रेषांचे आकडेही त्यातच) आणि लोहाच्या 5270 व 5335 च्या रेषा मोजून धातूंचं प्रमाण काढा.

वय निघतं 4861 वरच्या हायड्रोजनच्या रेषेवरून. रेषा ठळक, तर गुच्छ तरुण, असं सगळीकडे सांगतात. मीही तेच धरून एका गुच्छाचं वय 6 अब्ज वर्षं लिहिलं होतं. साफ चुकलं. धातू कमी असलेल्या पुरातन गुच्छांत गाभ्यात हेलियम जाळणारे तापलेले निळे तारे असू शकतात, आणि हायड्रोजनची रेषा तेच ठळक करतात. पुरातन गुच्छ मग खुशाल तरुण दिसतो!

म्हणून कॅल्शियमच्या 3933 आणि 3968 या जोडरेषा पाहिल्याशिवाय वय लिहूच नका. दुसरीच्या अंगावर हायड्रोजनची एक रेषा येते. तापलेले तारे असतील तर दुसरी पहिलीपेक्षा खोल जाते. सगळे तारे एकाच वयाचे असलेल्या 6 अब्ज वर्षांच्या साध्या गुच्छात एवढे तापलेले तारे नसतात. माझ्या वर्णपटात ती खोली समोर दिसत होती, मी पाहिलीच नव्हती.

तीच पद्धत आधी आकाशगंगेतल्या एम15 आणि 47 टुकानी या गुच्छांवर चालवा. त्यांची वयं सुट्या ताऱ्यांवरून स्वतंत्रपणे काढलेली आहेत. पुरातन एम15 तरुण निघाला, तर तुमच्या पद्धतीला हाच रोग आहे.

दहा हजार सूर्यांपेक्षा हलक्या तरुण गुच्छांत दोन-चार लाल महाराक्षसी (प्रचंड फुगलेले, फार तेजस्वी) तारे सगळा हिशेब फिरवतात, तिथे एकच आकडा देऊ नका. 10 अब्ज वर्षांपलीकडे रेषा फारशा बदलतच नाहीत. तिथे ‘10 अब्ज वर्षांहून जास्त’ एवढंच लिहा.