गेट लॅबमध्ये रुजू होताय? आधी आपल्या हाताची चूक मोजा

फिजिओथेरपी किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंग करून गेट लॅबमध्ये, म्हणजे माणसाची चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत, आलं की पहिलं लक्ष कॅमेऱ्यांकडे जातं. माझंही गेलं होतं. पण कॅमेरे हा या कामातला सर्वांत कमी डोकेदुखीचा भाग. कॅलिब्रेशन नीट झालं की मार्कर (पेशंटच्या त्वचेवर चिकटवलेली छोटी चमकदार गोळी) कुठे आहे हे ते मिलिमीटरच्या हिशेबात सांगतात. तो मार्कर योग्य जागी चिकटवलाय का, हे मात्र त्यांना कळत नाही.

गुडघ्याचंच बघा. मार्करवरून सांध्यांचे कोन काढणाऱ्या रूढ मॉडेलमध्ये मांडीचा आणि गुडघ्याचा मार्कर मिळून गुडघ्याचा अक्ष ठरतो. तो 10 अंशांनी फिरला तर खुब्याच्या रोटेशनचा आलेखही साधारण तेवढाच सरकतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर झालेला परिणाम) असलेल्या मुलाचं मांडीचं हाड फिरवून बसवायचं का, आणि किती, हे ठरवताना सर्जन शारीरिक तपासणीच्या जोडीला नेमका तोच आलेख बघतात. 2009 मध्ये अशा मोजमापांच्या विश्वासार्हतेवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही हेच दिसलं: बहुतेक कोनांतली चूक 5 अंशांच्या आत, अपवाद खुबा आणि गुडघ्याच्या रोटेशनचा. ऑपरेशन ज्या आकड्यावर ठरतं, तोच सर्वांत डळमळीत.

ही चूक पकडता येते. पाय हवेत असताना निरोगी गुडघा साधारण 60 अंश वाकतो, पण आत-बाहेर फारसा झुकत नाही. वाकण्याच्या त्याच क्षणी व्हॅरस-व्हॅल्गसच्या, म्हणजे या आत-बाहेर झुकण्याच्या, आलेखात 10 अंशांची लाट दिसली, तर आधी अक्षावर संशय घ्या. पेशंट अजून खोलीत आहे तोवरच मार्कर पुन्हा लावा. मूल कंटाळलेलं असतं, आई-वडील घड्याळ बघत असतात, तरीही लावा.

सेवेची मानकं म्हणतात ती इथून सुरू होतात. ब्रिटन-आयर्लंडच्या क्लिनिकल मूव्हमेंट अ‍ॅनालिसिस सोसायटीने असे निकष लिहून काढलेत, अमेरिकेत लॅबना मान्यता देणारं वेगळं कमिशन आहे. ते वाचा, पण फाइल पूर्ण करण्यापुरते नकोत. एकाच व्यक्तीला दोघांनी वेगवेगळ्या दिवशी मार्कर लावायचे आणि आलेख एकावर एक ठेवून बघायचे, हा सराव मला कुठल्याही कोर्सपेक्षा उपयोगी वाटतो. आलेखांमधलं अंतर ही तुमच्या लॅबची चूक. उपचारानंतरचा बदल त्याहून लहान असेल तर रिपोर्टमध्ये 'सुधारणा' लिहू नका.

फोर्स प्लेटही, म्हणजे पावलाचा जोर मोजणारी जमिनीतली पाटी, अधूनमधून तपासा. 700 न्यूटनच्या भाराखाली दाबकेंद्र (तो जोर जिथे एकवटतो तो बिंदू) 1 सेंटीमीटर सरकलं की मोमेंटमध्ये, म्हणजे सांधा फिरवणाऱ्या जोरात, 7 न्यूटन-मीटरचा फरक पडतो. घोट्यापेक्षा खुब्याच्या-गुडघ्याच्या लहान मोमेंटमध्ये तो जास्त खटकतो.

तुलनेसाठीचा नॉर्मल डेटा, म्हणजे निरोगी माणसांच्या चालीची मोजमापं, शक्यतो आपल्याच लॅबचा, आपल्याच मार्कर-पद्धतीचा असावा. हळू चालणाऱ्या मुलाची तुलना झपझप चालणाऱ्यांच्या सरासरीशी केली तर निम्मे 'दोष' नुसत्या वेगाचे निघतात.

नोकरीच्या मुलाखतीत कॅमेरे किती हे विचारू नका, ते वेबसाइटवर असतंच. नवीन माणसाला एकट्याने पेशंट घेऊ देण्याआधी काय तपासता आणि पुन्हा मार्कर लावून आलेख ताडून बघण्याची चाचणी शेवटची कधी झाली, हे विचारा.