मॅक्लाऊड सापडले, पण अपॉस्ट्रॉफीमागे

सासूबाई मूळच्या स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या. त्यांचे पणजोबा मॅक्लाऊड यांचा मी शोध घेत होते. ते तिथल्या तागाच्या गिरणीत होते, घरात माहीत ते एवढंच. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर त्यांच्या मृत्यूची नोंद पटकन मिळाली. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म-मृत्यूची नोंदणी सक्तीची आहे आणि मृत्यूच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनावही असतं. (आपल्या कुलवृत्तांतांत बायकांची माहेरं शोधून बघा, मग याची किंमत कळेल.) वयावरून जन्म १८४६च्या सुमाराचा. पण चर्चच्या जुन्या वह्यांत मोठ्या भावंडांचे बाप्तिस्मे आहेत, हा मुलगा गायब!

दोन महिने मी नुसती गावं बदलत बसले. चूक गावात नव्हतीच. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि फ्री चर्च निघालं. हे कुटुंब तिकडे गेलं होतं. संकेतस्थळावर अशा इतर चर्चच्या नोंदींचा विभाग वेगळा आहे. तो उघडला आणि बाप्तिस्मा समोर.

संगणकावर चढवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांनी मात्र छळलं. जुने जुळारी 'मॅक'साठी नुसता एम आणि अपॉस्ट्रॉफी लावायचे, संगणक ते वाटेल तसं वाचतो. शेवटी 'मॅक' गाळून उरलेलं आडनाव आणि रस्त्याचं नाव एकत्र टाकलं. दोन ओळींची मृत्युवार्ता निघाली.

आता सासूबाईंना त्यांच्या आईचं घराणं हवंय. आडनाव मॅकडोनाल्ड. म्हणजे झालंच कल्याण.