मोठ्या गोठ्यातले शेण आणि नाल्याचे पाणी: मृग लागण्याआधी या चुका टाळा

शंभर मोठ्या जनावरांच्या गोठ्यात दिवसाला दीड ते दोन टन शेण आणि हजार लिटरच्या आसपास मूत्र निघते. शेणाचा आकडा बहुतेक गोठेवाल्यांना तोंडपाठ असतो, कारण ते ट्रॉलीने विकले जाते. पाण्याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. शेण स्वतःच्या पायाने नाल्यात जात नाही, त्याला पाणी घेऊन जाते. नागपूर शहरातल्या गोठ्यांचे सांडपाणी गटारांतून नाग आणि पिवळी नदीत, तिथून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेतून गोसेखुर्दच्या जलाशयात पोहोचते. ग्रामीण भागातल्या गोठ्याचे पाणी तेवढे लांब जायच्या आधीच शेजारच्या विहिरीत उतरते.

छपराचे पाणी सांडपाण्याच्या खड्ड्यात सोडणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही, आणि दुरुस्तीला सर्वांत स्वस्तही हीच. आपल्याकडे पावसाळ्यात साधारण १००० मिमी पाऊस पडतो. ६०० चौरस मीटर छपरावर त्याचे ६०० घनमीटर, म्हणजे ६ लाख लिटर पाणी होते. जनावरे उभी राहतात ते उघडे अंगण १००० चौरस मीटरचे असेल, तर जिरणे-सुकणे वजा जाता आणखी ८०० घनमीटर. आता गोठा धुण्याचे पाणी पाहा: जनावरामागे ५० लिटर धरले आणि मूत्र मिळवले, तर रोजचे ६ घनमीटर, चार महिन्यांचे ७२० घनमीटर. म्हणजे खड्डा भरतो तो मुख्यतः पावसाच्या पाण्याने. ते पाणी छपरावरून पडताना स्वच्छच होते, आपण ते शेणात कालवले.

छपराला पन्हळ लावून ते पाणी पाइपने थेट शेततळ्यात किंवा विहीर पुनर्भरणाच्या गाळण खड्ड्याकडे न्या. अंगणाच्या वरच्या अंगाला फूटभर उंच मातीचा बांध आणि चर काढला की शेजारच्या वावरातले पाणी गोठ्यात शिरत नाही. उघडे अंगण जितके लहान तितके बरे. जे उरेल ते पाऊस सुरू होण्याआधी खरवडून कोरडे ठेवा.

आधी पाइप, मग फावडे

क्रम उलटा हवा. शेण आधी कोरडेच ओढून घ्यायचे, मग उरलेले धुवायचे. पाइप उघडा सोडून शेण लोटत नेले तर जनावरामागे १०० लिटरच्या वर पाणी सहज जाते, शिवाय विकण्यासारखे शेण पातळ होऊन हातचे जाते. पाइपच्या तोंडाला दाबला तरच उघडणारे नोझल बसवा. जमिनीला मीटरमागे दीड ते अडीच सेंटिमीटर उतार हवा. त्याहून कमी असेल तर पाणी साचते, आणि फार जास्त दिला तर जनावरे घसरतात.

धुवणाचे पाणी थेट मोठ्या खड्ड्यात गेले की तळाशी गाळ बसतो आणि दोन-तीन वर्षांत निम्मी जागा खातो. मध्ये गाळ बसवणाऱ्या दोन टाक्या बांधा, प्रत्येकी ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद, १ मीटर खोल. एक चालू, दुसरी सुकवायला. एकच टाकी बांधणारे ती कधीच रिकामी करू शकत नाहीत, कारण पाणी रोजच येते.

मस्टायटीसचे (कासदाहाचे) किंवा औषध दिलेल्या जनावराचे दूध नालीत ओतायची सवय सर्रास दिसते. दुधाचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला जो प्राणवायू ओढून घेते त्याचे माप, लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम असते. घरगुती सांडपाण्याचे २०० ते ३०० असते. पाच लिटर दूध नाल्यात सोडणे म्हणजे दीड-दोन हजार लिटर सांडपाणी सोडण्यासारखे आहे. खुरे धुवायच्या हौदातले मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणीही वेगळे ठेवा. तांब्याने बायोगॅसचे जिवाणू मरतात, आणि एकदा जमिनीत गेलेले तांबे परत निघत नाही.

काळ्या मातीवर आंधळा विश्वास

‘आपली काळी माती चिकट आहे, पाणी झिरपत नाही’ हे अर्धेच खरे आहे. नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यात, काळी माती कित्येक ठिकाणी मीटरभरच असते. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगांचा काळा दगड. अडीच मीटर खड्डा खणला की चिकट थर संपलेला असतो आणि तळ मुरमात असतो. तो खड्डा नव्हे, गाळणी झाली. दुसरी गोष्ट, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा रिकाम्या खड्ड्याच्या काठांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला लोंढा त्या भेगांतून थेट खाली उतरतो. भेगा मिटायला माती फुगावी लागते, तोवर व्हायचे ते होऊन जाते.

खड्डा गळतो का, हे पाहायची सोपी रीत आहे. एक पसरट टब पाण्याने भरून खड्ड्याजवळ उन्हात ठेवा. खड्ड्यात नवे पाणी जाऊ न देता पाच दिवस दोन्हींतली पातळी पट्टीने मोजा. टबात ५ सेंमी उतरली आणि खड्ड्यात ९, तर मधले ४ सेंमी जमिनीत गेले. ३०० चौरस मीटरच्या खड्ड्यात ते १२ हजार लिटर होतात.

शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद हा नेहमीचा उपाय. तो टाकताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या: तळातले दगड न वेचणे, काठाचा कागद चरात न गाडता नुसते दगड ठेवून दाबणे, आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी वर येते हे विसरणे. खालून पाणी चढले की कागद फुगा होऊन वर येतो. त्यामुळे जिथे पावसाळ्यात पाणी वर असते तिथे खड्डा उथळ आणि पसरट घ्या, काठ बांधाने उंच करा. मे महिन्यात उपसतानाही तळाशी फूटभर राळ, म्हणजे शेण-मुताचे दाट पाणी, ठेवावी. तिच्या वजनाने कागद खाली दबून राहतो.

आकाराचे सांगायचे तर जुलै-ऑगस्टमध्ये वावर चिखलाचे असते, राळ टाकायला जागाच नसते. म्हणून साठवण चार महिन्यांची हवी. छप्पर-अंगण वेगळे काढले असेल तर १०० जनावरांना ९०० घनमीटर पुरते, आणि वर ६० सेंमी काठ मोकळा ठेवावा.

उन्हाळ्यात वाळलेला ढीग

इकडचा उकिरडा बहुधा नाल्याच्या काठाला, धुऱ्यावर असतो. एप्रिल-मे मध्ये तो वरून वाळतो आणि गोवरीसारखा होतो. लोकांना वाटते खत तयार झाले. खरे तर ओलावा ३५ टक्क्यांच्या खाली गेला की कुजणे थांबते. आतला कच्चा माल तसाच राहतो आणि पहिल्या पावसात काळे पाणी होऊन वाहतो.

ढिगाला ५० ते ६० टक्के ओलावा लागतो. मूठभर खत दाबले की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त, हाताला ओल लागली नाही तर कमी. ताजे शेण ८० टक्के पाणीच असते, त्यामुळे १०० किलो ताज्या शेणात ३५ ते ४० किलो कोरडे कुटार मिसळावे लागते. दिवसभर उन्हात पसरलेल्या शेणाला २० किलो पुरते. सोयाबीन-तुरीचे कुटार, तणस, तुकडे केलेली पऱ्हाटी काहीही चालते, पण ते मार्चमध्ये भरून ताडपत्रीखाली ठेवा. जुलैत शोधायला गेलात तर भिजलेलेच मिळेल.

ढीग अडीच मीटर रुंद, सव्वा ते दीड मीटर उंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्यभाग ५५ ते ६५ अंशांवर जायला हवा. लोखंडी सळई तासभर खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही तर ठीक चालले आहे. पहिले तीन आठवडे दर ५-६ दिवसांनी पलटी द्या. उन्हाळ्यात माशीचे अंडे ते माशी हे चक्र आठवड्या-दहा दिवसांत पुरे होते, पलटीने ते मोडते. अमोनियाचा उग्र वास येत असेल तर कुटार कमी पडले, सडक्या अंड्यासारखा वास असेल तर पाणी जास्त झाले. जागा सिमेंटच्या ओट्याची हवी, १०० जनावरांना साधारण ४०० चौरस मीटर, आणि ओट्याची नाली गाळाच्या टाकीकडे.

गांडूळ खताबद्दल थोडक्यात: ताजे शेण बेडवर टाकू नका, उष्णतेने गांडुळे मरतात. १५-२० दिवस शेण थंड होऊ द्या. इथल्या मे महिन्यात सावली आणि ओले पोते नसेल तर बेड रिकामाच समजा.

बायोगॅस बसवला, आता शेण संपले

संपत नाही. गॅस बाहेर पडतो, नत्र-स्फुरद सगळे मळीत, म्हणजे संयंत्रातून निघणाऱ्या पातळ शेणात, राहते. दीड टन शेणात दीड टन पाणी कालवले तर दुसऱ्या टोकाने रोज जवळपास ३ घनमीटर मळी येणारच. संयंत्राचे पैसे मोजताना मळीच्या टाकीचे पैसे धरले नसतील तर नाला जवळच असतो. मळीच्या किंवा राळीच्या बंद टाकीत माणूस उतरवू नका, आधी ढवळून तर मुळीच नाही. ढवळताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही त्यातच जातो.

राळ कुठे आणि कधी टाकायची

खड्डा मे अखेर रिकामा हवा, आणि नेमक्या त्याच वेळी मृग बहाराच्या संत्र्याला ताण दिलेला असतो, म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी तोडलेले असते. तिथे राळ सोडली की ताण तुटतो. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे खड्डा रिकामा करायच्या मोसमात बाग मोजायचीच नाही. त्यासाठी कपाशीचे मोकळे वावर किंवा चाऱ्याचे रान आधीच ठरवून ठेवा. बागेला द्यायचीच तर ताण नसताना, पातळ करून, खोडापासून दूर. बुंध्याशी ओल साचली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो.

मे महिन्यात भेगाळलेल्या रानात पातळ राळ सोडू नका, ती भेगांतून मुरमात जाते. आधी वखराची पाळी देऊन भेगा मोडा, मग पसरवा आणि त्याच दिवशी मातीआड करा. विहिरीपासून ३० मीटर, नाल्यापासून १० मीटर सोडा. सोयाबीन स्वतःच नत्र बांधते, तिला राळ पाजली तर नुसती वाढते, शेंगा कमी लागतात. ज्वारी, मका, नेपियर यांना चालते, पण प्रमाणात. जास्त नत्र पिऊन मग पावसाचा खंड पडला की त्या चाऱ्यात नायट्रेट साठते आणि विषबाधा होते ती आपल्याच जनावरांना.

क्षेत्राचा अंदाज: वर्षाला १०० जनावरांचे सहाशे-सातशे टन शेण, त्याचे तयार खत अडीचशे ते तीनशे टन. हेक्टरी १० टन धरले तर २५ ते ३० हेक्टर लागतात. एवढी जमीन नसेल तर खत घेणारे शेतकरी जानेवारीतच बोलून ठेवा.

ही लक्षणे दिसली तर

खड्ड्याचे पाणी गुलाबी-जांभळे झाले तर घाबरू नका, ते गंधक खाणारे जिवाणू आहेत, वास उलट कमी होतो. नाल्याच्या दगडांवर राखाडी, कापसासारखे तंतू दिसले तर मात्र गोठ्याचे पाणी सुटते आहे. नालीच्या वाटेने उलट चालत जा, फूट सापडते. विहिरीच्या पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा द्या, मे मध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. नायट्रेट आणि कोलिफॉर्म (शेण-मैल्याची खूण देणारे जिवाणू) दोन्ही तपासा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खड्ड्याच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाची एक, असे दोन नमुने एकाच दिवशी घ्या. दोन्हींत सारखेच जास्त असेल तर कारण बहुधा शेतातल्या युरियाचे. खालचीतच जास्त असेल तर खड्डा.